हॅलिफॅक्सच्या बंदरात एनसी-४

अटलांटिक महासागर विमानाने प्रथम कोणी ओलांडला, या प्रश्नाचे उत्तर म्हणून शाळेत लिंडबर्गचे नाव पाठ केले होते, ते बरोबर आहे काय, अशी पृच्छा एका वाचकाने पत्राने केली आहे. उत्तर थोडक्यात देता येते. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंतचे अंतर एकट्याने आणि मध्ये कोठेही न उतरता कापले, हा त्याचा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु न थांबता महासागर ओलांडण्याचा मान त्याच्या आठ वर्षे आधी, १९१९ च्या जून महिन्यात, अल्कॉक आणि ब्राऊन या दोघा ब्रिटिशांनी मिळवला होता, आणि त्यांच्याही आधी दोन आठवडे, ३१ मे १९१९ रोजी, अमेरिकन नौदलाचे एनसी-४ हे जलविमान न्यूफाउंडलंड, अझोर्स बेटे आणि लिस्बन असे टप्पे घेत इंग्लंडातील प्लिमथच्या बंदरात उतरले होते. म्हणजे प्रथम ओलांडला तो एनसी-४ ने. पृच्छेचे उत्तर येथे संपते. परंतु या प्रवासातील एक मुक्काम असा आहे की ज्याला विमानविद्येच्या इतिहासग्रंथांत एका ओळीपेक्षा अधिक जागा सहसा मिळत नाही, आणि माझ्या मते त्या एका मुक्कामात विसाव्या शतकाच्या आरंभीचे निम्मे पदार्थविज्ञान एकाच बंदराच्या काठावर जमलेले आढळते. तो मुक्काम म्हणजे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स. १४ मे १९१९ रोजी एनसी-४ तेथे उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

हे शहर त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते हे समजण्यासाठी सतरा महिने मागे जावे लागते. हॅलिफॅक्सचे बंदर खोल आहे, आणि त्या काळी हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठून माँट्रिऑलचा जलमार्ग बंद पडे तेव्हाही ते गोठत नसे. बाहेरचे बंदर आणि आतील बेडफर्ड बेसिन हा विस्तीर्ण जलाशय यांना जोडणारी एक चिंचोळी वाट आहे, तिला तेथील लोक ‘नॅरोज’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारी मालवाहू जहाजे शत्रूच्या पाणबुड्यांपासून सुरक्षित अशा त्या बेसिनमध्ये गोळा होत आणि ताफ्याने, नौदलाच्या संरक्षणाखाली, रवाना होत. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज याच वाटेने आत येत असताना बाहेर निघालेल्या ‘इमो’ या नॉर्वेजियन जहाजाशी त्याची टक्कर झाली. माँ ब्लाँच्या पोटात सुमारे २,३०० टन पिक्रिक आम्ल, २०० टन टीएनटी आणि काही टन गनकॉटन भरलेले होते, आणि वर डेकवर बेंझॉलची पिंपे रचलेली होती. टकरीत पिंपे फुटली, ठिणगी पडली, बेंझॉल पेटले. खलाशी होड्यांत उतरून पलीकडच्या डार्टमथच्या काठाकडे वल्हवत गेले. आणि कोणी नसलेले ते जळते जहाज वाहत वाहत शहराच्या उत्तर भागातील रिचमंड या वस्तीच्या धक्क्याला जाऊन टेकले. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे २,००० माणसे मरण पावली, ९,००० जखमी झाली, १,६०० घरे नामशेष झाली आणि १२,००० घरांची पडझड झाली. पन्नास-साठ हजार वस्तीच्या गावात हे घडले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथे बर्फाचे प्रचंड वादळ आले. माँ ब्लाँच्या नांगराचा अर्ध्या टनाचा दांडा पावणेचार किलोमीटरांवर जाऊन पडला, तो आजही तेथे जपून ठेवला आहे.

मुंबईच्या वाचकाला या ठिकाणी १४ एप्रिल १९४४ ची दुपार आठवल्यावाचून राहणार नाही. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच वेळी भरलेली होती, कापूस पेटला, आणि चार वाजून सहा मिनिटांनी गोदीचे घड्याळ थांबले. ते जहाजही कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्ट येथे, १९४२ साली बांधलेले होते. दोन्ही प्रसंगी युद्धाच्या घाईने धोकादायक मालाचा बंदोबस्त शिथिल झाला होता. दोन्ही प्रसंगी आग दिसत असूनही जहाजात काय आहे हे आसपासच्या बहुतेकांना ठाऊक नव्हते.

आता या स्फोटाचे विज्ञान पाहू, कारण त्याचा आपल्या विमानाशी अगदी निकटचा संबंध आहे. एक किलो टीएनटीत साठवलेली रासायनिक ऊर्जा आणि एक किलो पेट्रोल जळताना मिळणारी ऊर्जा यांची तुलना केली असता बहुतेकांचा अंदाज चुकतो: पेट्रोलची ऊर्जा टीएनटीच्या जवळजवळ दहापट भरते. मग टीएनटीने शहर उद्ध्वस्त होते आणि पेट्रोलने मोटार चालते, हा भेद कशामुळे? पेट्रोल हा वाटेत गावोगावी जेवण मिळवत जाणारा प्रवासी आहे, तर टीएनटी किंवा पिक्रिक आम्ल हा स्वतःची शिदोरी कमरेला बांधून निघालेला प्रवासी आहे. पेट्रोलला जळण्यासाठी लागणारा प्राणवायू हवेतून, थोडा थोडा, घ्यावा लागतो. स्फोटकाच्या रेणूत नायट्रोजनला जोडलेला प्राणवायू आधीच तयार असतो, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून त्याच्यातील विक्रिया सेकंदाला सहा-सात किलोमीटर या वेगाने पसरते. एंजिनच्या सिलिंडरात पेट्रोलच्या वाफेतून ज्वाला पसरते तिचा वेग सेकंदाला काही दशक मीटर एवढाच असतो. ऊर्जा कमी असूनही ती क्षणार्धात बाहेर पडली म्हणजे भोवतालच्या हवेला सरकायला अवकाश मिळत नाही, आणि दाबलेल्या हवेची एक भिंत ध्वनीहूनही अधिक वेगाने बाहेर धावते. तिच्या मागोमाग दाब सामान्याहून खाली जातो. आधी ढकलले गेलेले घर मग उलट ओढले जाते, आणि अर्धवट तग धरलेली भिंत पुष्कळदा या दुसऱ्या ओढीत कोसळते.

हॅलिफॅक्समध्ये या लाटेचे सर्वांत क्रूर साधन काच ठरली. बंदरात जहाज पेटलेले पाहण्यासाठी शेकडो माणसे, त्यांत मुले पुष्कळ, खिडक्यांच्या तावदानांना तोंडे लावून उभी होती. प्रकाश आधी पोहोचला, हवेची लाट काही क्षणांनी पोहोचली. डोळ्यांच्या इजा सुमारे ५,९०० नोंदल्या गेल्या आणि ४१ माणसांची दृष्टी पूर्णपणे गेली. तेथील डलहौसी विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हॉवर्ड ब्रॉन्सन हे होते. तरुणपणी माँट्रिऑलला रदरफर्डच्या हाताखाली किरणोत्सर्गावर काम केलेला हा शास्त्रज्ञ. भोवतालचे शहर मोडून पडलेले असताना या गृहस्थाने स्फोटाच्या परिणामांची शास्त्रीय टिपणे तयार केली आणि १९१८ साली ती रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. मला ब्रॉन्सनविषयी विशेष आदर वाटतो तो यासाठी की त्याने शोकाच्या काळात मोजमाप करण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे हे ओळखले. स्फोटलाटेच्या परिणामांविषयी पुढे जे शास्त्र उभे राहिले त्याच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच घेतले जाते, ही उणीव भरून निघाली पाहिजे.

पुनर्वसनाचे काम १९१८ पासून ‘हॅलिफॅक्स रिलीफ कमिशन’ या सरकारनियुक्त मंडळाकडे सोपवले गेले. नुकसानभरपाईचे दावे तपासणे, निवृत्तिवेतने ठरवणे, रस्ते आखणे, घरे बांधणे असे व्यापक अधिकार त्याला होते. रिचमंडच्या उतारावर नवी वसाहत आखण्यासाठी थॉमस अॅडम्स हा स्कॉटिश नगररचनाकार बोलावला गेला. मूळची लाकडी घरे स्फोटाने पडली आणि मागाहून घरातल्याच चुली-शेगड्यांनी पेटली होती, म्हणून नव्या घरांसाठी ‘हायड्रोस्टोन’ नावाचे, साच्यात दाब देऊन घडवलेले काँक्रीटचे ठोकळे निवडण्यात आले. त्यांना आगीचे भय नव्हते. वसाहतीलाही तेच नाव पडले. रुंद रस्त्यांच्या मधोमध हिरवळीचे पट्टे, दर्शनी बाजू स्वच्छ राहावी म्हणून मागून कोळसा-कचऱ्यासाठी गल्ल्या, आणि सव्वातीनशेच्या आसपास घरे, अशी ती रचना होती. १९१९ च्या मार्चमध्ये पहिली कुटुंबे तेथे राहायला आली. म्हणजे मे महिन्यात एनसी-४ आले तेव्हा काही घरांत संसार सुरू झाले होते आणि बाकीच्या घरांच्या भिंती चढत होत्या. हे ठोकळे तयार होत होते बंदराच्या पलीकडच्या काठावर, ईस्टर्न पॅसेज येथे; आणि त्याच काठाला, बेकर पॉइंट या जागी, अमेरिकन नौदलाने १९१८ च्या ऑगस्टमध्ये जलविमानांचा तळ उभारला होता. घरांचे दगड आणि विमानांचे तळ एकाच किनाऱ्याला असावेत यात योगायोग थोडाच आहे. खोल आणि निवाऱ्याचे पाणी ज्याला हवे तो या बंदराला येणारच. त्या पाण्यानेच युद्धाचे ताफे आणले आणि त्यांच्याबरोबर माँ ब्लाँ आणले. त्या पाण्यानेच एनसी-४ आणले.

एनसी म्हणजे ‘नेव्ही-कर्टिस’. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला असताना विमाने जहाजांवर लादून युरोपला पाठवण्यापेक्षा ती स्वतःच्या पंखांनी महासागर ओलांडून का जाऊ नयेत, अशी कल्पना अमेरिकन नौदलाच्या बांधणी खात्याचे प्रमुख अॅडमिरल डेव्हिड टेलर यांनी १९१७ साली मांडली. टेलर हे मूळचे नौकाविज्ञानाचे अभ्यासक होते. वॉशिंग्टनच्या गोदीत जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून त्यांचा रोध मोजण्याची जी प्रयोगशाळा होती तीही त्यांनीच उभी केलेली. ग्लेन कर्टिसचे नाव विमानाला लागले ते योग्यच आहे, पण विमानाच्या होडीसारख्या धडाचा आकार होल्डन रिचर्डसन या नौदलाच्या अधिकाऱ्याने ठरवला, आणि वायुगतीचे गणित जेरोम हन्सेकर या तरुण अभियंत्याने सांभाळले. पाण्यावरून उठणाऱ्या विमानाची अडचण विलक्षण आहे: पाण्याला चिकटलेला तळ सोडवायला एंजिनची सारी शक्ती लागते, आणि ती जेमतेम पुरत असेल तर चार पिंपे इंधन जास्त झाले तरी विमान लाटांवर आपटत राहते, उठत नाही. एनसी विमानाच्या पंखांचा विस्तार १२६ फूट होता, भरलेले वजन २८,००० पौंड, आणि त्याला प्रत्येकी ४०० अश्वशक्तीची चार ‘लिबर्टी’ एंजिने होती. पूर्ण प्रवासासाठी त्यात सुमारे १,६०० गॅलन पेट्रोल भरले जात असे. मघाचा हिशेब येथे लावून पाहिला तर त्या टाक्यांतील ऊर्जा चाळीस-पंचेचाळीस टन टीएनटीएवढी होते. तीच ऊर्जा ठोक्याठोक्याने, पंधरा तास, आठ-आठ फुटांहून लांब लाकडी पंख्यांना फिरवण्यासाठी खर्च करायची, हे एंजिनाचे काम.

८ मे १९१९ रोजी एनसी-१, एनसी-३ आणि एनसी-४ अशी तीन विमाने न्यूयॉर्कजवळच्या रॉकअवे तळावरून निघाली. (एनसी-२ चे सुटे भाग आधीच इतरांना देऊन टाकले होते; तळावर ५ मेला लागलेल्या आगीने एनसी-१ च्या पंखाची हानी झाली होती, तो पंखही एनसी-२ चाच बसवला.) पहिली दोन त्याच संध्याकाळी हॅलिफॅक्सला पोहोचली. एनसी-४ ची दोन एंजिने वाटेत बंद पडली, त्याला उघड्या समुद्रात उतरावे लागले, आणि कप्तान अल्बर्ट रीड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते विमान जहाजासारखे पाण्यावरून चालवीत, रात्रभर, मॅसॅच्युसेट्सच्या चॅटमच्या तळापर्यंत आणले. तेथे एंजिन बदलणे आणि वादळ ओसरण्याची वाट पाहणे यांत पाच दिवस गेले. वृत्तपत्रांनी या विमानाला ‘लंगडे बदक’ हे नाव दिले.

१४ मे रोजी चॅटमहून हॅलिफॅक्सकडे निघालेल्या या विमानात एक गोष्ट घडली, ती मला संपूर्ण महासागर-उड्डाणाइतकीच महत्त्वाची वाटते. बिनतारी यंत्रावर हर्बर्ट रॉड हा तरुण अधिकारी बसला होता. त्याच्या यंत्राला वीज पुरवणारे जनित्र विमानाच्या वेगाने निर्माण होणाऱ्या वाऱ्यावर फिरे, आणि आकाशक, म्हणजे संदेश फेकणारी तार, विमानाच्या मागे हवेत लोंबकळत सोडलेली असे. वॉशिंग्टनला नौदलाचे उपमंत्री म्हणून फ्रँकलिन रूझवेल्ट होते, हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या कचेरीतून विचारणा केली: आपण कोठे आहात? रॉडचे उत्तर तीन मिनिटांत परत आले: सील बेटाच्या नैर्ऋत्येस वीस मैलांवर, ताशी पंच्याऐंशी मैल वेगाने. सील बेट नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण टोकाला आहे. चार एंजिनांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात शेकडो मैल दूरच्या दप्तराशी प्रश्नोत्तर करणे हे १९१९ च्या त्या दुपारी पृथ्वीवर नवीन होते.

याच्या जोडीला दुसरा एक संदेश आठवतो. ६ डिसेंबर १९१७ ला रिचमंडच्या रेल्वे कचेरीत व्हिन्सेंट कोलमन हा गाड्यांचे नियंत्रण करणारा कर्मचारी होता. जहाजात स्फोटके आहेत हे कळल्यावर तो बाहेर पडला, पण प्रवासी गाडी शहराकडे येत आहे हे ध्यानात येऊन मागे वळला आणि तिला थांबवण्याचा संदेश तारेवरून पाठवला. स्फोटात तो मरण पावला. त्याच्या संदेशामुळे पुढच्या स्थानकांना संकटाची वार्ता मिळाली. स्फोटाच्या क्षणी शहराच्या तारा तुटल्या होत्या, आणि तारेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक यंत्रणेची मर्यादा तेथे प्रकट झाली. रॉड ज्या बंदरात उतरणार होता, त्या बंदराला बिनतारी यंत्राची किंमत सांगावी लागत नव्हती.

हॅलिफॅक्समधील मुक्कामाविषयी बाकी जे सांगायचे ते बहुतेक दुरुस्तीविषयी आहे, आणि दुरुस्तीविषयी लिहिण्यात मला संकोच वाटत नाही, कारण महासागर ओलांडण्याचे यश तेथेच ठरले. आधी आलेल्या दोन विमानांच्या लाकडी पंख्यांना भेगा पडलेल्या आढळल्या. त्या काळी पंखा म्हणजे लाकडाच्या फळ्या सरसाने एकावर एक चिकटवून कोरलेली वस्तू. तिला एंजिनाचे हादरे, समुद्राचा तुषार, आणि कडे घट्ट आवळल्याने पडणारा ताण हे तिन्ही एकदम सोसावे लागत. बारीकशी भेग असली तरी मिनिटाला हजारांहून अधिक फेऱ्यांच्या केंद्रोत्सारी ओढीत ती वाढते, आणि सुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने जातो. एनसी-३ पुढे निघाल्यावरही भेगाळलेल्या पंख्यामुळे हॅलिफॅक्सला परत आले, पंखा बदलून मग न्यूफाउंडलंडला गेले. एनसी-४ दुसऱ्या दिवशी निघाल्यावर इंधनाच्या वाटेत अडकलेल्या कचऱ्यामुळे पुन्हा किनाऱ्यालगत उतरले, ती वाट साफ करून उठले, आणि १५ मेच्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडमधील ट्रेपॅसीला पोहोचले.

या प्रवासाशी संबंधित लोकांत हॅलिफॅक्सशी ज्याचे नाते सर्वांत जुने तो माणूस म्हणजे रिचर्ड बायर्ड. बेकर पॉइंटच्या अमेरिकन तळाचा अंमलदार १९१८ मध्ये तोच होता. पुढे ध्रुवप्रदेशांवरील उड्डाणांमुळे त्याची ख्याती झाली, आणि त्या ख्यातीने दिशा शोधण्याच्या साधनांवरचे त्याचे आरंभीचे काम झाकून टाकले. जहाजावरचा कप्तान सेक्स्टंटने सूर्य किंवा तारा आणि क्षितिज यांमधील कोन मोजतो. विमानातून धुक्याच्या किंवा ढगांच्या वर गेल्यावर क्षितिजच दिसत नाही. बायर्डने सेक्स्टंटमध्ये पाणसळीचा बुडबुडा बसवला, म्हणजे क्षितिज दिसो वा न दिसो, आडवी रेषा हाताशी राहते. त्यात एक खोच आहे. बुडबुडा गुरुत्वाकर्षण आणि विमानाची गतिवृद्धी यांत फरक करू शकत नाही. विमान वळत असेल तर तो खोटे बोलतो. म्हणून मोजमाप घेताना वैमानिकाने विमान शांत आणि सरळ धरणे आवश्यक असते, आणि निरीक्षणे अनेक घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. दुसरे साधन प्रवाहमापक: समुद्रावर धुराचा किंवा रात्री उजेडाचा गोळा टाकून तो मागे सरताना किती तिरका सरतो ते पाहिले की आडव्या वाऱ्याने विमान किती वाहवत आहे हे कळते. हे न केल्यास काय होते याचा हिशेब नाविकांना मुखोद्गत असतो: दिशेत एका अंशाची चूक झाली की दर साठ मैलांमागे एक मैल वाट चुकते. ट्रेपॅसीपासून अझोर्स सुमारे १,२०० सागरी मैल, म्हणजे एका अंशाची चूक वीस मैलांची, आणि धुक्यात वीस मैल म्हणजे बेट हरवणे. बायर्ड स्वतः एनसी-३ मधून ट्रेपॅसीपर्यंत आला, पण महासागर ओलांडण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. त्याची यंत्रे पुढे गेली.

१६ मेच्या संध्याकाळी तिन्ही विमाने ट्रेपॅसीहून उठली. नौदलाने अझोर्सपर्यंतच्या वाटेवर एकवीस विनाशिका पन्नास-पन्नास मैलांच्या अंतराने उभ्या केल्या होत्या. रात्री त्या प्रकाशगोळे सोडत, दिवसा धूर. या योजनेची त्या वेळी आणि नंतरही काहींनी कमी किंमत केली आहे, की एवढी जहाजे खाली असताना त्यात साहस कसले. हे मत मला मान्य नाही. एनसी-१ आणि एनसी-३ दोन्हींना धुक्यात वाट कळेना म्हणून समुद्रावर उतरावे लागले. एनसी-१ मोडून पडले, त्यावरील माणसांना ‘आयोनिया’ या ग्रीक जहाजाने वाचवले. एनसी-३ पाण्यावर असल्यामुळे त्याचे वाऱ्यावर फिरणारे जनित्र बंद पडले. इतरांचे संदेश ऐकू येत, स्वतःचा पाठवता येत नसे. त्यावरील माणसांनी विमान उलटे, शेपटीच्या दिशेने, शिडाप्रमाणे वाऱ्यावर ढकलू दिले, आणि दोनशेहून अधिक मैलांनंतर ते पोंटा देल्गादाच्या बंदरात आले. जहाजे खाली असूनही असा प्रसंग ओढवतो, यावरून त्या समुद्राची कल्पना यावी.

एनसी-४ मात्र पंधरा तासांहून थोड्या अधिक वेळात अझोर्समधील होर्ता येथे उतरले. वैमानिक एल्मर स्टोन आणि वॉल्टर हिंटन, यंत्रज्ञ जेम्स ब्रीज आणि युजीन ऱ्होड्स, दिशा पाहणारा रीड, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण धुक्यात एका जहाजामागून दुसऱ्या जहाजाशी बोलत राहून विमानाला जगाशी जोडून ठेवणारा माणूस रॉड होता, आणि इतिहासाने त्याला कप्तानाच्या नावाखाली दडवले आहे. ऱ्होड्सची हकिगतही अशीच अनुच्चारित राहिली. रॉकअवेहून निघण्याच्या आदल्या दिवशी एडवर्ड हॉवर्ड या यंत्रज्ञाचा हात फिरत्या पंख्यात तुटला आणि ऱ्होड्सला त्याच्या जागी घेण्यात आले.

प्रसिद्धीचे मात्र निराळे झाले. ब्रिटनच्या ‘डेली मेल’ने न थांबता महासागर ओलांडण्यासाठी १०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. एनसी विमाने अझोर्सच्या दिशेने गेल्याचे कळताच हॅरी हॉकर आणि मॅकेंझी-ग्रीव्ह हे दोघे १८ मे रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सहून थेट निघाले, एंजिन तापल्याने समुद्रात उतरले, आणि ‘मेरी’ नावाच्या जहाजाने त्यांना उचलले. त्या जहाजावर बिनतारी यंत्र नव्हते. जवळजवळ एक आठवडा ते मेले असे सर्वांनी धरले, आणि ते जिवंत परतल्यावर लंडनमध्ये जो उत्सव झाला त्यात प्लिमथला काही दिवसांत पोहोचलेल्या यशस्वी विमानाची वार्ता बुडाली. संदेशयंत्र असलेल्या विमानाच्या यशापेक्षा संदेशयंत्र नसलेल्या जहाजामुळे निर्माण झालेल्या अनिश्चिततेला लोकांनी अधिक दाद दिली. जूनमध्ये अल्कॉक-ब्राऊन पोहोचले, १९२७ साली लिंडबर्ग, आणि पहिला क्रमांक शालेय पुस्तकांच्या तळटीपेत गेला. एनसी-४ चे मूळ विमान आजही शिल्लक आहे. ते स्मिथसोनियन संस्थेच्या मालकीचे असून फ्लोरिडातील पेन्साकोला येथील नौदलाच्या विमानसंग्रहालयात ठेवले आहे.

हॅलिफॅक्सच्या वाट्याला मात्र एनसी-४ पेक्षा लहान एक जलविमान आले, आणि त्या शहराचे खरे विमान कोणते म्हणून मला कोणी विचारले तर मी त्याचेच नाव घेईन. अमेरिकन नौदल बेकर पॉइंटचा तळ सोडून गेले तेव्हा आपली कर्टिस एचएस-२एल जातीची जलविमाने कॅनडाला देऊन गेले. एनसी-४ गेल्यावर तीनच आठवड्यांनी, १९१९ च्या जूनमध्ये, त्यांतील एक विमान घेऊन स्टुअर्ट ग्रॅहम हा वैमानिक डार्टमथहून क्वेबेकमधील लाक-आ-ला-तोर्त्यू या सरोवराकडे निघाला. तेथे जंगलांना लागणाऱ्या आगी हवेतून हेरण्याचे काम त्याला करायचे होते. बरोबर ग्रॅहमची पत्नी मॅज आणि एक यंत्रज्ञ होते, आणि नकाशा पाहून वाट दाखवण्याचे काम मॅजकडे होते. एंजिनच्या आवाजात बोलणे ऐकू येणे अशक्य, आणि रॉडसारखी यंत्रसामग्री नाही, म्हणून तिने कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी एक छोटी दोरी कप्पीवर ओढून, चिठ्ठ्या वैमानिकाकडे सरकवण्याची सोय केली. सुमारे हजार किलोमीटरांचा हा प्रवास कॅनडाच्या अरण्यप्रदेशातील विमानसेवेचा आरंभ मानला जातो. ‘ला व्हिजिलान्स’ हे नाव पडलेले ते विमान १९२२ मध्ये ऑन्टारिओतील एका सरोवरात बुडाले, साठीच्या दशकाच्या शेवटी त्याचे अवशेष तळातून वर काढले गेले, आणि जुळवून पूर्ण केलेले ते विमान आता ऑटावाच्या विमानसंग्रहालयात आहे.